फियाट, फोर्ड, शेव्हरोलेवाल्यांनो, इन्शुरन्स रिन्यू करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मागे तळेगावच्या कारखान्यावर एक छोटा व्हिडिओ टाकला होता. जिथे शेव्हरोलेची बीट बनायची तिथे आता ह्युंदाई गाड्या बनवते, एवढाच विषय. पण खाली कॉमेंटमध्ये ह्युंदाईबद्दल बोलायला कुणी तयारच नाही! सगळे आपले, "आमची बीट अजून ठणठणीत आहे", "क्रूझसारखी गाडी परत होणे नाही", "दादा, लिनिया आहे, विकू का ठेवू?", "फोर्ड परत येतेय ना?" आणि एक ताई तर म्हणाल्या, "कंपनी गेली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही." ताई, गाडी कुठली ते लिहा की! अर्धी गोष्ट सांगून गेलात.

तर आज हाच विषय. आवडता ब्रँड बंद पडला, गाडी मात्र दारात उभी आहे. पुढे काय?

इतिहास पटकन उरकतो, बहुतेकांना माहीत आहे. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये सांगितलं की वर्षअखेर भारतात शेव्हरोले विकणं बंद. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला जाहीर केलं की इथलं उत्पादन थांबवतोय. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला होता. चेन्नईतून शेवटची इकोस्पोर्ट जुलै २०२२ मध्ये बाहेर पडली. साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. आणि फियाट? २०१८-१९ च्या सुमारास पुंटो, लिनिया गाजावाजा न करता बंद झाल्या. पुढे बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, येणार होते, त्यासाठी या गाड्यांवर पैसा घालायचा नाही असं ठरलं. रांजणगावचा कारखाना मात्र सुरूच आहे, तिथून जीप कंपास निघते, टाटांची नेक्सॉन निघते. फियाटवाल्यांना नगर रोडने जाताना याचंच जास्त लागतं, मला माहीत आहे.

फोर्डचं आत्ताच मिटवून टाकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये फोर्डने तमिळनाडू सरकारला इरादापत्र दिलं, चेन्नईचा कारखाना परत वापरायचा म्हणून. कशासाठी? निर्यातीसाठी. निर्यात! इथल्या शोरूमसाठी नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक चॅनलच्या थंबनेलवर एंडेव्हर, तिच्यामागे आगीचे लोळ आणि वर "परत आली!!!" असे तीन उद्गारचिन्हांचे मथळे. अहो, त्या व्हिडिओंच्या भरवशावर लोकं नवी गाडी घ्यायचं लांबवतायत. मला मेसेज येतात तसे. थांबू नका. गाडी हवी असेल तर घ्या.

आता या निष्ठावान मंडळींबद्दल थोडं, कारण मीही त्यांच्यातलाच. माझ्याकडे पुंटो आहे, डिझेल. त्या गाडीचं ते जड हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि दरवाजा लावल्यावर येणारा तो आवाज, आज दुप्पट किमतीच्या गाडीत मिळत नाही. पण फियाटवाल्यांचा राग कुणावर निघतो, तर तेव्हा फियाट विकणाऱ्या टाटांच्या शोरूमवर. "टाटांनी नीट विकली नाही." बरं, २०१२ मध्ये फियाटने विक्री-सर्व्हिस स्वतःच्या हातात घेतली, त्यानंतर काय झालं? तेव्हाही लोकं शोरूममध्ये यायची, टेस्ट ड्राइव्ह घ्यायची, "काय गाडी आहे!" म्हणायची आणि बाहेर पडून स्विफ्ट बुक करायची. आता मजा अशी की त्या स्विफ्टमधलं डिझेल इंजिन फियाटचंच! १.३ मल्टिजेट. मारुतीने घेतलं, टाटांनी घेतलं, शेव्हरोलेच्या सेलमध्येही होतं. म्हणजे आपण फियाटचं इंजिन डोक्यावर घेतलं आणि फियाटची गाडी घेतली नाही. यावर मला कॉमेंटमध्ये शिव्या पडणार आहेत, पडू देत.

बाहेरच्या देशांत ही निष्ठा रस्त्यावर आली होती. स्वीडनची साब. जनरल मोटर्स ती बंद करायला निघाली, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये कितीतरी देशांत साबमालकांनी गाड्यांचे ताफे काढले, ब्रँड वाचवा म्हणून. पुढच्याच महिन्यात स्पायकर नावाच्या छोट्या डच कंपनीने साब विकतही घेतली. तरी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळं निघालंच. आपल्याकडे मोर्चा निघत नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. आणि मी म्हणतो, ग्रुप जास्त कामाचा! कारण साबमध्येही ताफ्यांनी कंपनी वाचली नाही. वाचली ती स्पेअर पार्टची कंपनी. ती वेगळी होती, कर्जाच्या हमीपोटी ती स्वीडन सरकारच्या ताब्यात आली, ओरिओ असं तिचं नाव झालं आणि पार्ट मिळत राहिले. मालकाला गाडी चालवायला कंपनी लागत नाही, पार्ट लागतात.

आणि पार्ट म्हटलं की सगळे इंजिनबद्दल विचारतात. "दादा, इंजिनचं काम निघालं तर?" निघू दे! मल्टिजेटचं इंजिन लाखो गाड्यांत आहे. चेन किट, वॉटर पंप, फिल्टर, यातलं बरंचसं पुण्यात नाना पेठेत मिळतं, आणि कुठल्याही गावातल्या मेकॅनिकने ते इंजिन उघडलेलं असतं. इंजिनमुळे या गाड्या मरत नाहीत.

मरतात त्या हेडलाइटमुळे. बंपरमुळे. त्या एका प्लास्टिकच्या जाळीमुळे, जी फक्त लिनियालाच बसते आणि दुसऱ्या कशालाही बसत नाही.

जुनी पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघायची. गोल दिवा, तो कुठल्याही दुकानात मिळायचा. बंपर पत्र्याचा, ठोकून सरळ व्हायचा. त्यामुळे कारखाना बंद पडल्यावरही मुंबईत त्या टॅक्सी कितीतरी वर्षं पळाल्या, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली. लिनियाचा दिवा मात्र त्याच गाडीचा, त्याच साच्यातला. साचा थांबला की संपलं. मग जो काही माल गोदामांत पडून आहे तेवढाच.

इथे आता इन्शुरन्स येतो. हे नीट ऐका, हाच आजच्या व्हिडिओचा जीव आहे.

तुमच्या पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम. नव्या गाडीला तो तक्त्याने ठरतो: पहिले सहा महिने पाच टक्के घट, वर्षाला पंधरा, असं करत पाचव्या वर्षापर्यंत पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. आणि इन्शुरन्सच्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीविम्याच्या नियम आणि दरांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय: पाच वर्षांवरची गाडी, आणि जिचं उत्पादन कंपनीने बंद केलंय असं मॉडेल, यांचा आयडीव्ही विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसांत ठरवायचा. आपसांत! म्हणजे तिथे तुम्हाला तोंड आहे. आणि आपण काय करतो? वेबसाइटवर जातो, आयडीव्ही कमी-जास्त करायचा तो सरकवायचा पट्टा दिसतो, तो खेचून एकदम डावीकडे नेतो, कारण प्रीमियम कमी दिसतो. झालं. पाचशे-हजार वाचवल्याचा आनंद.

आता दुसऱ्या बाजूने बघा, म्हणजे क्लेमच्या बाजूने. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे विम्याच्या हिशेबी पूर्ण गेलेली. समजा तुम्ही आयडीव्ही ठेवला १,२०,०००. त्याचे ७५ टक्के म्हणजे ९०,०००. पुढून एक बऱ्यापैकी धडक, दोन हेडलाइट, बंपर, बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, वर लेबर आणि रंग. आणि पार्ट दुर्मिळ, म्हणजे भाव चढा. एअरबॅग उघडली असेल तर बोलायलाच नको. गाठली की नाही नव्वद हजारांची रेघ? तीच गाडी २,००,००० आयडीव्हीची असती तर रेघ दीड लाखावर होती. गाडी तीच, धडक तीच. एका मालकाची गाडी दुरुस्त होऊन घरी येते, दुसऱ्याची भंगारात.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. साताऱ्याला असतो, त्याचीही पुंटो. शिरवळच्या पुढे समोरच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला, हा मागून आदळला. कुणाला काही लागलं नाही. गाडी इंजिन चालू करून बाजूला घेतली, इतकी चांगली होती. वर्कशॉपने एस्टिमेट काढलं आणि नुकसान बघायला आलेला विम्याचा सर्व्हेअर म्हणाला टोटल लॉस. विमा कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांनी नियमाबाहेर काही केलंच नाही. आयडीव्ही याने स्वतः ठेवलेला, सगळ्यात खालचा. मावशीला काही केल्या पटेना. म्हणाली, "डोळा फुटला म्हणून माणूस जाळतात होय?" शेवटी त्याने गाडी स्वतःकडे ठेवली. असं करता येतं, नेट ऑफ सॅल्व्हेज म्हणतात. भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे देतात आणि गाडी तुम्हाला ठेवता येते. आरसीचं काय होणार ते मात्र आधी लेखी विचारून घ्या. मग कुर्ल्याहून जुने हेडलाइट आणले, बॉनेट ठोकून घेतलं. आज ती गाडी चालू आहे. पण दोन महिने त्याची झोप गेली, आणि कशापायी?

हिशेब सांगतो, कशापायी ते. जुन्या टॅरिफच्या दराने धरलं तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम आयडीव्हीच्या साधारण तीन ते साडेतीन टक्के. वरच्या दोन आयडीव्हींतला ८०,००० चा फरक म्हणजे अडीच-पावणेतीन हजार. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ५० टक्के असेल तर निम्मा, म्हणजे तेराशे-चौदाशे, वर जीएसटी. वर्षाला. अहो, एका वेळच्या डिझेल टाकीचे पैसे नाहीत हे!

अजून एक बाजू, कारण मला माहीत आहे, कुणीतरी लिहिणार की "दादा, मी गाडी हळूच चालवतो." हळू चालवा. पण विमा पार्टवर घट धरतो: काचेवर शून्य, पण रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के. झीरो डेप नावाचं जादा कव्हर असेल तर ती घट लागत नाही, पण बऱ्याच ठिकाणी झीरो डेप ठरावीक वयानंतर मिळत नाही. आणि तुमच्या गाडीत मिळायला अवघड काय? प्लास्टिकच! म्हणजे सगळ्यात महाग, सगळ्यात दुर्मिळ वस्तूचे अर्धे पैसे तुमच्या खिशातून. त्यात वर आयडीव्ही तळाला. दोन्हीकडून मार.

म्हणून रिन्यूअलच्या वेळी पट्टा डावीकडे ओढू नका. वेबसाइट वर जाऊ देत नसेल तर एजंटला फोन करा, शाखेत जा, गाडीचे चांगले फोटो, सर्व्हिसची बिलं दाखवा. तोंडाला येईल तो आकडा देणार नाहीत, तो हट्ट करू नका. पण मिळेल त्या मर्यादेत वरचा घ्या. एजंट म्हणेल, "साहेब, जुन्या गाडीला कशाला?" त्याला सांगा, जुनी आहे म्हणूनच.

आता तुमचे प्रश्न, भराभर.

विकू का? फियाटची, शेव्हरोलेची किंमत बाजाराने पाडायची तेवढी पाडून झालीय. आज विकून हातात जे येतं त्यात त्या तोडीची दुसरी गाडी येत नाही. आवडत असेल आणि जवळपास तिचं काम जाणणारा मेकॅनिक असेल तर ठेवा. घरात एकच गाडी असेल आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जायचं असेल, तर माझं मत विका. वर्कशॉपमध्ये एका दिव्याची वाट बघत गाडी उभी राहिली की रिक्षाचे पैसे कोण देणार?

सेकंड हँड लिनिया स्वस्तात मिळतेय, घेऊ का? पहिली गाडी म्हणून अजिबात नाही. शौक म्हणून घ्या. आणि घेण्याआधी २००९-१० ची असेल तर पंधरा वर्षांचं पासिंग झालंय का ते बघा.

पार्ट साठवून ठेवू का? हेडलाइटची जोडी, साइड मिरर, मिळाला तर बंपर, हो. तेल, बेल्ट, रबराच्या वस्तू नको, पडून खराब होतात. आणि बिल पक्कं घ्या, जीएसटीचं. बिलाशिवाय आणलेला दिवा क्लेममध्ये धरून घेणं फार अवघड.

फोर्डवाल्यांना सर्व्हिस अजून मिळतेय, पार्टचीही व्यवस्था कंपनीने ठेवलीय, त्यामुळे तुम्ही निवांत आहात. पण आयडीव्हीचा नियम तुम्हालाही तोच. तुमचंही मॉडेल बंद झालेलंच आहे.

आणि ज्या दादांनी गेल्या वेळी लिहिलं की "मारुती घेतली असती तर ही वेळच आली नसती", त्यांनी सियाझवाल्यांशी जरा बोलावं. मॉडेल कुठल्याही कंपनीचं बंद होतं.

आता एक काम करा. गाडीतली पॉलिसी काढा, पहिल्या पानावरचा आयडीव्ही बघा, आणि खाली लिहा: गाडी, वर्ष, आयडीव्ही. एवढंच. नंबर प्लेट आणि पॉलिसी नंबर टाकू नका, मागच्या वेळी दोघांनी अख्ख्या पॉलिसीचा फोटो चिकटवला होता, तो मला काढावा लागला. आकडे जमले की मॉडेलप्रमाणे तक्ता करून पिन करतो, म्हणजे पुढच्या वेळी एजंटशी बोलताना हातात काहीतरी असेल.