चप्पल उचलण्याआधी

(दृश्य : रात्रीचे साडेअकरा. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली. ओट्यावरचा दिवा लागतो.)

दिवा लागतो, शेगडीमागून झुरळ निघतं आणि हात आपोआप चपलेकडे जातो. 160 चौरस फुटांच्या खोलीत चप्पल कधीच लांब नसते. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धमूर्ती. सकाळी इथेच हात जोडून म्हटलं गेलंय, ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. जीवहत्येपासून अलिप्त राहण्याचं शील मी ग्रहण करतो.

मग आता शील मोडलं का? अट्ठकथांनी, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या भाष्यांनी, या पहिल्या शीलाची पाच अंगं सांगितली आहेत. समोर जिवंत प्राणी असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारायचं चित्त होणं, त्यासाठी प्रयत्न करणं आणि त्या प्रयत्नातून मरण येणं. जिन्यात अंधारात मुंगी पायाखाली आली तर दुसरं अंगही नाही आणि तिसरंही नाही. चपलेच्या बाबतीत मात्र पाचही अंगं दीड सेकंदात जुळून येतात. तिसऱ्या अंगापाशी, म्हणजे चित्तापाशी थांबायला दीड सेकंद फार अपुरा. या फिल्ममध्ये आपण पहिल्या अंगाकडे बघणार आहोत. झुरळ समोर आलंच का?

(दृश्य : सिंकखालचा पाइप. भिंत आणि पाइप यांच्यामधली फट, जवळून.)

झुरळ खरकट्यासाठी येतं तितकंच पाण्यासाठी येतं. अन्नावाचून ते बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून तितकं तगत नाही. आपण खरकटं झाकतो आणि ओलं फडकं तसंच सिंकच्या काठावर टाकून झोपतो. रात्री भांडी झाली की सिंक कोरड्या कपड्याने पुसा, फडकं दोरीवर घाला, नळ ठिबकत असेल तर वायसर बदला. मोरीच्या भोकावर बारीक जाळी हवी, आणि नुसती ठेवलेली नाही, घट्ट बसणारी. पाइप भिंतीत शिरतो तिथे गोल फट राहते, ती पांढऱ्या सिमेंटने बुजवा. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके माळ्यावर साठवू नका, झुरळांची अंडी बऱ्याचदा त्यांतूनच घरात येतात. हे सगळं करूनही पहिले दोन आठवडे झुरळं दिसतील. लोक नेमके तेव्हाच कंटाळतात आणि विषारी खडू आणतात. त्या खडूची रेघ जमिनीवर असते आणि जमिनीवर रांगणारं मूल झुरळाहून सावकाश चालतं.

मुंग्यांचं त्या मानाने सोपं. त्या एकमेकींच्या वासाच्या मागावरून येतात. रांग ओसरली की तो मार्ग साबणाच्या पाण्याने पुसायचा, मग साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायचा. रांग चालू असताना फडकं फिरवलं तर सगळ्या फडक्यात.

(दृश्य : कान्हेरी. पावसाळा. लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेली पाण्याची पोढी.)

बोरिवलीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेकांच्या बाजूला पाण्याचं टाकं आहे. इथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. भिक्खूजवळ जे आठ परिष्कार, म्हणजे गरजेच्या वस्तू, असत त्यांत तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि आठवं पाणी गाळायचं फडकं, परिस्सावन. जीव असलेलं पाणी जाणूनबुजून वापरायचं नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम. वर्षावास सुरू झाला त्यामागेही अशीच तक्रार होती. पावसात हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत भिक्खू हिंडतात, असं लोक म्हणू लागले. तेव्हा आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहायचं ठरलं. जीव पायाखाली आल्यावर काय करावं यापेक्षा तो पायाखाली येऊच नये, याचा बंदोबस्त केला गेला.

चाळीतलं पिंप ही आपली पोढी. पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येतं, भरून ठेवावंच लागतं. डेंग्यूचा डास, एडिस, पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. पिंप रिकामं केलं तरी ती अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. ‘आम्ही पिंप दर रविवारी ओततो, तरी डास कसे?’ याचं उत्तर हे आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप उपडं करायचं आणि आतली भिंत काथ्याने घासायची. त्याहून चांगलं म्हणजे डासाला आत जाऊच न देणं. जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून पिंपाच्या तोंडावर ताणायचा, काठाखाली सुतळीने करकचून बांधायचा, वर झाकण. नुसतं झाकण पुरत नाही, कारण पाणी काढताना ते तिरकं राहतं.

आणि कापड बांधायचं राहिलं, अळ्या झाल्या, तर? ते पाणी ओतायचंच. इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी हा गुंता सोडवला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम हात बांधतो, तत्त्व विचार करायला लावतं. शेजारच्या खोलीत तान्हं बाळ असताना अळ्यांवर दया दाखवणं हा विचार नाही. मात्र हीच गरज दर आठवड्याला उभी राहत असेल तर ती आपण तयार केलेली गरज आहे, कापड न बांधून.

उंदरांचंही तसंच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप पसरतो आणि त्यात उंदरांच्या लघवीचा मोठा वाटा असतो, तेव्हा उंदीर नकोत हे बरोबर. पण चिकट पुठ्ठा घरात आणू नका. त्यावर उंदीर लगेच मरत नाही. तहानेने, धडपडून, कधी स्वतःचा पाय कुरतडत तासन्‌तास तिथेच राहतो. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरातली बारीक उंदरं आत येतात. त्या भोकात तारेचा काथ्या कोंबून वरून सिमेंट लावलं की ते कुरतडता येत नाही.

(दृश्य : गॅलरीतली जाळी. मागे कबुतरांचा थवा.)

करुणेची सगळ्यात मोठी गफलत मुंबईत कबुतरांवरून झाली. 2025 मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना बंद केला आणि शहर दोन बाजूंना वाटलं गेलं. दाणे टाकणाऱ्याचं मन कोवळं असतं, यात वाद नाही. पण वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते, काहींच्या फुप्फुसांना त्यातून कायमची सूज धरते, आणि ते फुप्फुस दाणे टाकणाऱ्याचं नसून वरच्या मजल्यावरच्या आजींचं असू शकतं. भाष्यकार बुद्धघोषाने ‘विशुद्धिमार्गा’त मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीचा एक जवळचा शत्रू सांगितला आहे, मित्रासारखा दिसणारा. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. आपल्याला बरं वाटतंय म्हणून समोरच्याचं भलं होतंयच असं नाही.

गॅलरीला जाळी लावणार असाल तर ताणून लावा. सैल जाळीत पक्षी अडकून उलटा लटकतो. लावण्याआधी कुंड्यांमागे, एसीच्या खाली वाकून बघा. अंडी असतील तर थांबा. साधारण अठरा दिवसांनी पिल्लं निघतात, आणखी चार-पाच आठवड्यांनी उडतात. दीड-दोन महिने गॅलरी त्यांची. रिकामं झालं की घरटं त्याच दिवशी काढा, नाहीतर मादी पुन्हा अंडी घालते. विष्ठा कोरडी झाडायची नाही. आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा, मग खरवडायची.

मांसाहाराचा प्रश्न इथे हटकून येतो. बुद्धाने भिक्खूंना सरसकट मांसबंदी घातली नाही. संघातल्याच देवदत्ताने ती मागितली होती, बुद्धाने नाकारली. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं वा तसा संशय आला तर घ्यायचं नाही, हा नियम. उपासकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, मांसविक्रीचा धंदा मात्र वर्ज्य सांगितला, शस्त्रं, प्राणी, मद्य आणि विष यांच्या व्यापाराबरोबरच. बोंबील खाणाऱ्या घराने स्वतःला कमी बौद्ध समजायचं कारण नाही आणि न खाणाऱ्याने जास्त.

(दृश्य : पहाट. सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याचे डबे. हातमोजे नसलेला हात.)

आता माणसाकडे येऊ. अहिंसा म्हटलं की आपल्याला मुंगी आठवते, कचरा उचलणारा आठवत नाही. फुटलेला पेला आपण केरसुणीने गोळा करतो आणि डब्यात टाकतो. सकाळी तोच कचरा कुणीतरी हाताने चाचपून वेगळा करतो. काचेसाठी वर्तमानपत्राची चार पानं घ्या. मोठे तुकडे आधी, मग चुरा. चुरा ओल्या कापसाने टिपला की फरशीवर कण राहत नाहीत. पुडी गुंडाळून एखाद्या रिकाम्या खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा आणि वर जाड अक्षरांत लिहा – काच. पारदर्शक पिशवीत गाठ मारून टाकलेली काच पिशवी फाडून बाहेर येते. इन्सुलिनच्या सुया टोपण फिरवून बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकावर एक ओतायला कामवाल्या मावशींना कधीही सांगू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो थेट छातीत जातो.

आणि टाकी. सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबते, कमिटीत कुणीतरी म्हणतं, ‘एक माणूस आहे, दोन हजारांत उतरतो.’ माणसाला संरक्षणाविना टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. पण मरण नेमकं कसं येतं हे कमिटीला ठाऊक असायला हवं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. ‘वास गेला, आता उतर’ हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे. झाकण रात्रभर उघडं ठेवल्याने तळाचा वायू निघून जात नाही, तो हवेपेक्षा जड असतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. गाळ खेचणारी गाडी बोलवायची, आणि कुणीही आत उतरणार नाही असं पावतीवर लिहून घ्यायचं.

सभेत हे बोलणाऱ्याला वाईटपणा येतो. अभय राजकुमाराने बुद्धाला विचारलं होतं, समोरच्याला कडू लागेल असं तथागत बोलतात का? बुद्धाने त्याच्या मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवलं. याच्या घशात खडा अडकला तर तू काय करशील? रक्त आलं तरी बोट घालून काढीन, अभय म्हणाला. का? बाळाची कणव येते म्हणून.

(दृश्य : दादर, फलाट. चर्चगेटची धीमी लोकल.)

चित्ताचं काम उरलं. मैत्रीभावनेचा, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाचा, क्रम ठरलेला आहे : आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना आवडीचं ना नावडीचं, शेवटी वैरी. दादर ते चर्चगेट धीम्या गाडीने आठ टप्पे होतात, प्रत्येकाला दोन. दादर ते लोअर परळ स्वतःसाठी : मी सुखी असो, निर्वैर असो. लोअर परळ ते मुंबई सेंट्रल एखाद्या शिक्षकासाठी, मोठ्या बहिणीसाठी. नवरा, बायको, प्रियकर सुरुवातीला नको, तिथे आसक्ती मिसळते. मरण पावलेलं माणूसही नको. मुंबई सेंट्रल ते चर्नी रोड समोरच्या बाकावरचा अनोळखी, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला. चर्नी रोडनंतर तो वैरी, ऑफिसातला. तिथे राग उसळला तर ओढाताण करायची नाही. मागे फिरायचं, मोठ्या बहिणीकडे. उभे असाल तर डोळे उघडे ठेवा, दारात असाल तर हे सगळं राहू द्या आणि दांडा धरा.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. ओटा कोरडा. दिवा लागतो.)

इतकं करूनही एखादं झुरळ येतंच. पाल किंवा कोळी असेल तर वरून काचेचा पेला ठेवायचा आणि खालून जुनी लग्नपत्रिका सरकवायची, सावकाश, म्हणजे पाय चेंगरत नाहीत आणि पालीची शेपटी तुटत नाही. झुरळाला पेला पुरत नाही, ते फार चपळ. त्याला रुंद तोंडाची लोणच्याची बरणी लागते. ती शेगडीशेजारी ठेवायची, चपलेपेक्षा जवळ.