तिथीची पाऊणपट

(सकाळ. उघडा पडलेला चिखल. त्यात रुतणारे, निघणारे पाय. मागे लोकलचा खडखडाट.)

ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाडा. ओहोटी लागली की खाडी मागे सरते आणि हा चिखल दिसू लागतो. खांद्यावर फळी, गळ्यात जुना डीएसएलआर घेऊन हा माणूस रोज त्यात उतरतो. एक फोटो काढतो आणि माघारी वळतो.

त्याची नवी फिल्म अशी चाललीय. दिवसाला एक फ्रेम.

(भिंतीवरचं कालनिर्णय. तारखांखाली पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा.)

हे त्याचं शूटिंगचं वेळापत्रक. हिशोब वडिलांकडून आलेला, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. खाडीच्या या टोकाला पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून थोडं पुढे धरायचं. जाळं टाकायला लागायचा तोच हिशोब आता कॅमेऱ्याला लागतो.

(चिखलात ठोकलेला लोखंडी पाइप. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चिकटवलेला बटरपेपर.)

हा पाइप नीट पाहा. चिखलात काहीच जागेवर राहत नाही, पाइपही दर महिन्याला थोडा कलतो. म्हणून स्क्रीनवर हा बटरपेपर. त्यावर पेनाने दोन रेघा आहेत : एक पुलाच्या खांबाची, दुसरी पलीकडच्या काठाची. खांब रेघेवर बसेपर्यंत तो कॅमेरा सरकवत राहतो. कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास. तोवर पाणी परतू लागलं तर त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून यायचं.

आणि समोर, फ्रेमच्या मधोमध, तिवराचं एक रोप.

तिवराचं बी झाडावर असतानाच अंकुरतं. पावसाळ्यात गळून चिखलात पडतं आणि भरतीने वाहून नेलं नाही तर तिथेच मूळ धरतं. हे असंच एक. त्याने लावलेलं नाही.

(संगणकाचा पडदा. रोपाच्या फ्रेम एकामागोमाग.)

सेकंदाला चोवीस फ्रेम. म्हणजे वर्षभर चिखल तुडवला की हाती येतात पंधरा सेकंद.

आता उजेडाकडे लक्ष द्या. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सकाळची फ्रेम, आठवड्याने दुपारची, त्यापुढे संध्याकाळची. पंधरवडा सरला की पुन्हा सकाळ. रोज एकाच वेळी आला असता तर उजेड सारखा राहिला असता, पण मग अर्धे दिवस रोप पाण्याखाली. त्याने पाणी धरलं, उजेड सोडला. त्यामुळे पडद्यावर अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात उजेड भरतो आणि ओसरतो, पुन्हा भरतो. खाडीला छाती असती तर ती अशीच हलली असती, असं पहिल्यांदा पाहताना आम्हाला वाटलं.

चुकलेल्या दिवसांच्या जागी काळी फ्रेम. इथे सलग तेरा आहेत.

आई गेली तेव्हाच्या.

(फोटो. शांतता.)

हे वेड नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ते असंच थोडंथोडं टिपलं होतं. ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. आपल्या सिनेमाच्या मुळाशी एक रोप आहे. तरीही ‘यात गोष्ट कुठे आहे?’ हा प्रश्न या माणसाला प्रत्येक वेळी विचारला जातो.

(पुलाखालून दिसणारी लोकल.)

त्याच्या पहिल्या फिल्ममध्येही गोष्ट नव्हती. बारा मिनिटं कॅमेरा पुलाखालून वर पाहतो, एवढंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात थांबली. पुढे खाडी होती. पुढच्या वर्षी ती ओलांडून गाडी कल्याणला गेली. गाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुलाखालचं पाणी कोणी पाहत नाही, म्हणून त्याने ते पाहिलं. आवाज मात्र वेगळा टिपला. रात्री, शेवटची लोकल गेल्यावर. ओहोटीच्या चिखलात खेकड्यांची बिळं बुडबुडतात, तो हा आवाज.

(आवाज तसाच राहू द्यावा.)

नोकरी सुटली. दोन महोत्सवांनी फिल्म परत पाठवली. चित्रपटगृहात अजून एकही लागलेली नाही.

(वाड्यातलं अंगण. दोरीवर ताणलेली चादर. खुर्च्या, पाट, जमिनीवर मुलं.)

पण इथे लागली. वर्षाचे पंधरा सेकंद लोकांनी सहा वेळा लावायला सांगितले. चौथ्यांदा एका म्हाताऱ्या नाखव्याने बोट दाखवलं : रोपामागचा चिखल वर चढलाय. खाडी भरत चाललीय हे तो सांगत आलाच होता. आता मुलांनाही दिसलं.

(रात्र. गल्ली. कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन घरी जाणारा तो. ओट्यावरून हाक.)

“काय रं, तुजं झार केवरं झालं?”

तो हाताने वीतभर दाखवतो.

उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. ओहोटी दहाच्या सुमारास.