अँजिओग्राफीनंतरचे काही तास

अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. डॉक्टर बाहेर येऊन ‘सगळं व्यवस्थित’ म्हणाले आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडला. वॉर्डात मात्र सिस्टर आधी रुग्णाचं मनगट बघताहेत.

हृदयापर्यंत वाट काढायला धमनीत घातलेली नळी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची. ती काढली की भोक उरतं. त्यात रुग्णाला रक्त न गोठण्याची औषधं दिलेली. त्यामुळे रक्तस्राव चटकन थांबत नाही.

पूर्वी ही वाट सहसा जांघेतून असे. 1989 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉ. ल्युसियन कँपो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि पुढे हा मार्ग रुळला. मनगटातली धमनी कातडीलगत असते, खाली हाड असतं. दाबली की रक्त थांबतं. जांघेत ती खोल. तिथलं रक्त कधी कधी पोटाच्या मागच्या बाजूला साचत जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून जांघेतून तपासणी झालेल्याची कंबर अचानक दुखू लागली, दरदरून घाम फुटला, तर ‘झोपून झोपून अवघडलं असेल’ म्हणून गप्प बसू नका. सिस्टरना लगेच सांगा.

आता हा मनगटावरचा पारदर्शक पट्टा. आत हवा भरलेली आहे. आवळून टाकला की काम झालं, असं वाटतं. पण फार आवळला तर धमनीच कायमची बंद पडू शकते. म्हणून सिस्टर हवा थोडी थोडी सोडतात, रक्ताचा थेंब दिसेपर्यंत. दिसला, की किंचित हवा परत भरतात. मग करंगळीकडची धमनी बोटानं दाबून धरतात. अंगठ्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवर लाट उमटतेय? म्हणजे पट्ट्याखालूनही रक्त वाहतंय. ही दोन मिनिटांची तपासणी घाईत टाळली जाऊ नये. हीच धमनी पुढच्या अँजिओग्राफीला लागेल, कदाचित बायपासलाही. किडनीचा आजार असेल तर ते आधीच सांगा. डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेसाठी, हातातल्या रक्तवाहिन्या जपाव्या लागतात.

घरी गेल्यावर त्या हातानं बादली उचलू नका. रक्त आलं किंवा सूज वाढू लागली, तर त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरा आणि तसंच दवाखाना गाठा.