हिरव्याची ट्यूब

(दृश्य : पहाट. काळं रान, एक बांध, बांधावर एकटा लिंब.)

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की नान्नजच्या अलीकडे हा बांध लागतो. त्यावर लिंबाचं एक झाड, पुढं रान आणि रानापलीकडं माळ. बस्स. वर्षभर मी या झाडाखाली बसून जलरंगात चित्रं काढतोय.

शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत ऋतूंचे रंग ठरलेले असायचे. पावसाळा हिरवा, उन्हाळा पिवळा. सोलापुरात हा हिशेब जुळत नाही. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही मोठा वाटा सप्टेंबरचा. त्यामुळे कोकण हिरवंगार असतं तेव्हा इथली ज्वारीची रानं पेरणीची वाट बघत मोकळी पडलेली असतात. पेरणी पावसाळा सरताना. आमचा हिरवा रंग दिवाळीच्या सुमाराला येतो.

(दृश्य : एप्रिल. भेगाळलेली जमीन, जवळून.)

सुरुवात मात्र मी उन्हाळ्यात केली. म्हणजे मूर्खपणाच. सकाळी सहाला बसायचं आणि नऊला गुंडाळायचं, कारण पारा चाळिशी ओलांडतो आणि कागद तव्यासारखा तापतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून खाली आणेपर्यंत वरची कड वाळून जाते. मग तिथं जी कडक रेघ पडते, ती काही केल्या निघत नाही. अशा रेघांनी माझे पहिले दहा-बारा कागद वाया गेले. पुढं कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवू लागलो, पाण्यात ग्लिसरिनचे चार थेंब टाकू लागलो. थोडा वेळ मिळतो, पण थोडाच.

आणि काळी माती उन्हाळ्यात काळी नसतेच. राखेसारखी, फिकट करडी असते. काळा असतो तो फक्त भेगांच्या आतला अंधार. आकाशही निळं नसतं. धूळ आणि झळांनी पांढरट झालेलं असतं. निळ्या रंगाला दोन महिने मी जवळजवळ हात लावला नाही.

(दृश्य : जून. ढग. छत्रीखाली फळी.)

मृगाची पहिली सर पडली आणि तासाभरात तीच जमीन काळीभोर झाली. त्यासाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, दोन्ही घट्ट, कमीत कमी पाण्यात. तयार काळा रंग वापरला की माती मेल्यासारखी दिसते, हे दोन चित्रं बिघडवून शिकलो.

आता अडचण उलटी. कागद वाळतच नाही. एकदा ओल्या आकाशावर पावसाचे टपोरे थेंब पडले, रंग फुटून पांढरे डाग उठले. ते चित्र मी पुसलं नाही. त्यातला पाऊस माझ्या हातानं काढलेल्या पावसापेक्षा खरा आहे.

(दृश्य : डिसेंबर. ज्वारीच्या पानांवर दहिवर.)

हिवाळ्यात लोक हुरडा खायला रानात येतात, तसा मी हिरव्यासाठी येतो. ज्वारीचा हिरवा ट्यूबमधून थेट निघत नाही. कोवळेपणी त्यात निळसर झाक असते. कणीस भरलं की पान खालून पिवळं पडत जातं, म्हणून येलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, थोडा थोडा वाढवायचा. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, मित्र म्हणतात, सिद्धेश्वर तलावावर बस. बसलो होतो. पाठीमागं वीस पोरं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं! परत बांधावर आलो.

(दृश्य : मार्च. कडब्याची गंज.)

ज्वारी उपटली, कणसं खुडली, कडब्याच्या पेंढ्यांची गंज रचली. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीतल्या घराजवळच्या गंजी रंगवल्या. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घ्यायचा. माझ्याकडं तेवढे कॅनव्हास नाहीत, पण गंज आहे. सकाळी तिची सावली जांभळी, दहाच्या पुढं नुसती तपकिरी.

मार्चमध्ये मी मोठा कागद घेतला, गंज पूर्ण केली आणि आजारी पडलो. उरलेलं आकाश रंगवायला मेमध्ये आलो, तर समोर गंज निम्मीच. जनावरं रोज खातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रानाचे मालक शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांना मामा म्हणतो. चित्राकडं बघितलं, मग गंजीकडं.

“सर, गंज लई मोठी काढलीय की.”

“मार्चमध्ये एवढीच होती, मामा.”

“होती खरी,” ते म्हणाले. “एवढी आज असती तर म्हस इकावी लागली नसती.”

(दृश्य : चित्रातली गंज. मग रानातली. आवाज फक्त वाऱ्याचा.)