कॅप्टन आओ, डॉक्टर आओ

(पडद्यावर ब्लॅक अँड व्हाईट फोटो: वेम्बली, संचलन, पुढे तिरंगा)

२९ जुलै १९४८. लंडनचं वेम्बली स्टेडियम. ऑलिम्पिकचं उद्घाटन चालू आहे, एकेक देशाची तुकडी आत येतेय आणि भारताची वेळ येते तेव्हा सगळ्यात पुढे तिरंगा घेऊन एक तिशीचा माणूस चालतोय. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालेलं नाही, स्वतंत्र देश म्हणून आपण पहिल्यांदाच ऑलिम्पिकला गेलोय, आणि तो झेंडा ज्यांच्या हातात दिला ते नागा टेकड्यांमधल्या चांगकी गावचे. तालिमेरेन आओ. भारतीय फुटबॉल टीमचे कॅप्टन, आणि कोलकात्याला मेडिकलचे विद्यार्थी.

त्याच तुकडीत आपले खाशाबा जाधव पण होते बरं का, कराडजवळच्या गोळेश्वरचे, त्या वर्षी ते फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ मिळवलं. खाशाबा आपल्याकडे घराघरात माहितीयेत आणि असायलाच पाहिजेत. पण त्या वर्षी झेंडा कोणी धरला होता हे विचारून बघा कुणाला. मला स्वतःला हे नाव कळलं तेव्हा वाईट वाटलं, की इतकी वर्षं मॅचेस बघतोय, फुटबॉलवर तासन् तास बोलतोय, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या कॅप्टनचं नाव आपल्याला माहिती नव्हतं.

(नागालँडचे डोंगर, धुकं)

जन्म २८ जानेवारी १९१८. वडील रेव्हरंड, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, घरात बारा भावंडं. पुढे कुटुंब इम्पुरला राहायला गेलं, तिथे मिशनची शाळा होती, आणि त्याच गावात हे पोरगं चिंध्यांचा बॉल करून खेळायला लागलं. चिंध्यांचा बॉल आपल्याकडेही गावोगाव पोरं करायची, जुन्या धोतराच्या फडक्याचा, तो उसळत नाही, पायाजवळच राहतो, त्यामुळे बॉल पायाशी ठेवायची सवय आपोआप लागते.

१९३५ साली वडील टायफॉइडने गेले. तालिमेरेन तेव्हा सतरा वर्षांचे. वडिलांची एकच इच्छा होती, मुलाने डॉक्टर व्हावं आणि आपल्या माणसांसाठी काम करावं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे लंडन असो की कोलकात्याचा मोहन बागान फुटबॉल क्लब, प्रत्येक वळणावर हा माणूस तिकडेच बघून पाऊल टाकताना दिसतो.

जोरहाटची मिशन शाळा झाली, मग गुवाहाटीचं कॉटन कॉलेज. तिथे महाराणा क्लबकडून खेळायला लागले, नुसतं फुटबॉल नाही, अ‍ॅथलेटिक्समध्येही पुढे. १९४२ ला कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली, आजचं आर. जी. कर. आणि १९४३ ला मोहन बागान.

जरा तो काळ डोळ्यासमोर आणा. १९४३ म्हणजे बंगालचा दुष्काळ, कोलकात्याच्या रस्त्यांवर माणसं उपाशी मरतायत, युद्ध चालू आहे. पुढच्या वर्षी जपानी फौज थेट कोहिमापर्यंत आली, डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टवर समोरासमोर लढाई झाली, एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि भारतीय सैनिक. म्हणजे तिकडे आपल्या डोंगरात युद्ध पेटलंय आणि इकडे हा मुलगा कोलकात्यात अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं घेऊन बसलाय आणि मॅचच्या दिवशी मैदानावर. डॉक्टरकी शिकणाऱ्याला विचारा, नुसता अभ्यास करतानाच जीव जातो.

मोहन बागानकडून ते १९५२ पर्यंत खेळले. जागा डिफेन्सिव्ह मिडफिल्डची, आजच्या भाषेत. समोरच्याचा अ‍ॅटॅक बॅकलाइनपर्यंत पोचायच्या आत तोडायचा आणि बॉल पुढे द्यायचा. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, या जागेवर खेळणाऱ्याचं येत नाही.

(लंडन, इलफर्डचं मैदान)

३१ जुलै १९४८, इलफर्डचं क्रिकलफील्ड स्टेडियम, समोर फ्रान्स. अकरातले आठ जण अनवाणी! घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या, टाच आणि बोटं उघडी, आणि समोरच्यांच्या पायात चामड्याचे जड बूट. आपल्याकडे लोक पटकन म्हणतात की पैसे नव्हते म्हणून अनवाणी, पण एवढंच नाही हो ते. ही पोरं लहानपणापासून उघड्या पायाने खेळली होती, बॉल तळव्याला कळायचा, बूट घातला की तो अंदाजच जायचा. १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज लष्करी टीमला हरवून आयएफए शील्ड ही मोठी फुटबॉल स्पर्धा जिंकली तीसुद्धा जवळजवळ अशीच.

फ्रान्सने हाफच्या आधी गोल केला. ७० व्या मिनिटाला आपल्या रामनने बरोबरी केली. दोन पेनल्टी मिळाल्या आपल्याला, दोन्ही वाया गेल्या, एक शैलेन मन्नांनी घालवली, एक महाबीर प्रसादनी. आणि अगदी शेवटाला फ्रान्सचा दुसरा गोल. २-१. मी या मॅचचं वर्णन जितक्यांदा वाचतो तितक्यांदा त्या दोन पेनल्टींपाशी अडकतो. मन्ना म्हणजे नंतर १९५१ ला पहिल्या एशियन गेम्सचं गोल्ड जिंकलेल्या टीमचे कॅप्टन, तेव्हा अशा मोठ्या खेळाडूचाही पाय त्या दिवशी चुकला.

मॅचनंतर कुणा पत्रकाराने विचारलं, बूट का नाही घालत? तर आओ म्हणाले, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता. हे वाक्य आज सगळीकडे फिरतं. एवढी चुरशीची मॅच हरून आलेला कॅप्टन, समोर परक्या देशाचा पत्रकार, आणि आपल्या पोरांची बाजू किती सहज सावरली बघा. अर्थात बुटांशिवाय फार काळ चालणार नव्हतं हेही खरंच, १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ धुतलं आणि त्यानंतर आपल्या फुटबॉल फेडरेशनने बूट सक्तीचे केले.

ऑलिम्पिकनंतरच्या दौऱ्यात भारताने नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबला ५-१ हरवलं. लंडनच्या आर्सेनल क्लबने आओंना वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं होतं असंही सांगतात, आणि ते मेडिकल पूर्ण करायला परत आले.

(कोहिमा)

१९५० ला एमबीबीएस. १९५२ ला खेळ बंद. मग कोहिमाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये असिस्टंट सिव्हिल सर्जन. मोठ्या शहरात नाव होतं, ओळखी होत्या, तिथे दवाखाना टाकून आयुष्य आरामात गेलं असतं. ते डोंगरात गेले, आणि तेही १९५० च्या दशकात, जेव्हा तिथे नागा बंडखोर आणि भारत सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष पेटलेला होता. १९६३ ला नागालँड राज्य झालं, पुढे ते त्या राज्याचे आरोग्य संचालक झाले, १९७८ ला रिटायर झाले. कॅप्टन म्हणून ऑलिम्पिकची ती एक मॅच, आणि डॉक्टर म्हणून जवळजवळ पंचवीस वर्षं. आपण त्यांना त्या एका मॅचवरून ओळखतो, पण त्या पंचवीस वर्षांत ज्यांच्या घरातलं माणूस बरं होऊन परत आलं असेल त्यांना बूटबॉलचं वाक्य कशाला माहिती असेल, त्यांच्यासाठी ते डॉक्टरसाहेबच.

आसाममध्ये कालियाबोरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे, ईशान्येकडच्या राज्यांसाठी डॉ. टी. आओ ट्रॉफी सुरू झाली, आणि २०१८ ला, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, पोस्टाने तिकीट काढलं. ती ट्रॉफी आणि ते तिकीट त्यांनी पाहिलं नाही. १३ सप्टेंबर १९९८ ला ते गेले, वय ८०.

(पुन्हा पहिला फोटो, आवाज बंद. दहा सेकंद तसाच ठेवायचा.)