पळसखेडचे गीतकार ना. धों. महानोर

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणासाठी मी ज्या गीतकाराची निवड केली आहे, त्यांचे गाव महसुली नकाशावर खानदेशात येत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांजवळचे पळसखेडे सोयगाव तालुक्यात, म्हणजे मराठवाड्यात आहे. परंतु नामदेव धोंडो महानोर यांचे शालेय शिक्षण जामनेर तालुक्यातील शेंदुर्णीत झाले, महाविद्यालयाचे पहिले वर्ष त्यांनी जळगावात काढले आणि पुढे आयुष्यभर त्यांचे जाणे-येणे जळगावशी राहिले. त्यामुळे आपण खानदेशी माणसे त्यांना आपलेच मानतो, आणि त्यावर मराठवाड्याने कधी हरकत घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

16 सप्टेंबर 1942 रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महाविद्यालय पहिल्याच वर्षी सोडून ते शेतीकडे परतले. 1967 साली ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी वाचकाला बालकवींचा निसर्ग ठाऊक होता, बहिणाबाईंची शेतातली ओवी ठाऊक होती. पण या तरुणाच्या कवितेत रानाकडे पाहणारा आणि रानात राबणारा माणूस एकच होता आणि त्याच्या शब्दांना शृंगाराचे वावडे नव्हते. तीनच वर्षांनी, 1970 मध्ये, ‘वही’ आली. आपल्याकडे समूहाने गायल्या जाणाऱ्या वहीची ओळख खानदेशी श्रोत्याला करून देण्याची गरज नाही. तिचे नाव आणि तिची चाल घेऊन एक आधुनिक कवी लिहितो, ही गोष्ट मला महानोरांच्या पुढच्या गीतलेखनाची खरी सुरुवात वाटते, कारण चित्रपटाकडे जाण्यापूर्वीच त्यांची कविता गळ्याने म्हणण्याच्या रीतीने घडलेली होती. गावातील स्त्रियांच्या तोंडची गाणीही त्यांनी गोळा केली आणि ती ‘पळसखेडची गाणी’ या नावाने पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत.

1977 साली जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील या चित्रपटाला संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे होते. येथे महानोरांपुढे एक अडचण होती, आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. कथा सह्याद्रीतल्या ठाकर समाजाची, म्हणजे डोंगर वेगळा, देव वेगळा, बोलीही वेगळी. आणि हे तर अजिंठ्याच्या पायथ्याचे ज्वारी-कापसाचे शेतकरी. शिवाय त्या चित्रपटात गाणी कथेच्या मध्येच थांबून म्हटली जात नाहीत, तीच कथा पुढे नेतात. अशा वेळी परक्या बोलीची हुबेहूब नक्कल करण्याचा मोह कुणालाही झाला असता. महानोरांनी बोलीचा नुसता स्पर्श ठेवला आणि भर लयीवर दिला. ‘नभं उतरू आलं’ हे आशा भोसले यांनी गायिलेले गीत नीट ऐका. त्यातील ओळी अगदी आखूड आहेत, कित्येक तुकडे क्रियेवर येऊन थांबतात आणि गाणारीला तेथे श्वास घेता येतो. निंदणीला बसलेल्या बायका जेव्हा गातात तेव्हा ओळ अशीच तुटते, कारण हात चालू असतो आणि दम पुरवून वापरावा लागतो. हे माझे मत आहे, परंतु ज्यांनी बांधावर उभे राहून ती गाणी ऐकली आहेत त्यांना ते पटेल असे वाटते.

पुढे 1987 चा ‘सर्जा’ पुन्हा हृदयनाथांच्या संगीताने आला आणि त्यातील ‘चिंब पावसानं’ घरोघरी पोहोचले. 1992 च्या ‘एक होता विदूषक’मध्ये, आनंद मोडक यांच्या संगीतासाठी, त्यांना तमाशाच्या फडावरची गाणी लिहावी लागली, पटकथा पु. ल. देशपांडे यांची होती. ‘वही’ लिहिणाऱ्या कवीला लावणी अवघड जाणार नव्हतीच. 1994 साली ‘मुक्ता’ आला. चित्रपट थोडे आणि गाणी मोजकी असूनही एवढी लोकप्रियता लाभलेले गीतकार मराठीत फार नाहीत.

या लोकप्रियतेने मात्र त्यांच्यावर थोडा अन्यायही केला. रेडिओवर, आणि यात आम्हा रेडिओवाल्यांचा वाटा मोठा आहे, महानोर म्हटले की पाऊस, हिरवे रान, जांभळीचे झाड एवढेच वाजत राहिले. पण ते कोरडवाहू मुलखातले शेतकरी होते. 1972 चा दुष्काळ या भागाने सोसला तेव्हा ते ऐन तिशीत होते. 1978 साली राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत गेल्यावर त्यांनी पाणी अडवण्याचे, फळबागांचे आणि शेतकऱ्याच्या कर्जाचे प्रश्न मांडले. स्वतःच्या रानात त्यांनी सीताफळे लावली आणि लता मंगेशकर यांच्या नावावरून त्यांना ‘लताफळ’ म्हटले. कवीला शेतीत अशी मोकळीक घ्यायला कोण अडवणार! 1991 साली पद्मश्री आणि 2009 साली ‘पानझड’ या संग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. या संग्रहाचे नावच सांगते की हा कवी केवळ बहराचा नव्हता.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 1995 च्या ‘दोघी’ या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली गीते माझ्या मते त्यांच्या गीतलेखनातील सर्वांत कसदार भाग आहेत. त्यांत भेगाळलेली भुई आहे, ओल कुठेच उरलेली नाही, आणि तरीही ओळींची बांधणी तीच, स्त्रियांच्या गाण्याची. पावसाच्या आनंदासाठी वापरलेली लय दुष्काळाच्या दुःखालाही तितकीच पेलते, हे तेथे दिसते. मागणीच्या यादीत ही गीते क्वचितच येतात.

3 ऑगस्ट 2023 रोजी पुण्यात महानोरांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार पळसखेडे येथे झाले.

श्रोतेहो, पावसाच्या गाण्यासाठी आपल्या पुष्कळ फर्माईशी असतात याची आम्हाला कल्पना आहे. तरीही आज या भाषणानंतर आपण ‘दोघी’ या चित्रपटातील गीत ऐकणार आहोत. संगीत आनंद मोडक यांचे आहे.