घाणेरीचं दुसरं नाव

नमस्कार मंडळी.

बडोद्याच्या माणसाला २०२४ चा ऑगस्ट वेगळा सांगायला नकोच. जन्माष्टमीला पाऊस कोसळत होता, मग विश्वामित्री नदी आधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग ओट्यावर, मग सरळ बैठकीत. आम्ही फ्रीज विटांवर चढवला, सिलिंडर जिन्यावर ओढला आणि वरच्या खोलीत जाऊन बसलो, लाईट गेलेली, मोबाईल दुपारीच बंद पडला, खाली सोफा तरंगत भिंतीला ठक ठक आपटतोय आणि शेजारच्या बेन गॅलरीतून ओरडतायत, "मगर आवी, मगर!"

पुस्तकांचं कपाट खालीच होतं. वर पळताना हाताला लागली ती चार-पाच पुस्तकं ओढणीत बांधून आणली, त्यात एक मारुती चितमपल्लींचं निघालं. रात्री मेणबत्ती लावून तेच वाचत बसले तर नवरा म्हणतो, "एवढा निसर्ग घरात आलाय, अजून पुरे नाही झाला का तुला?"

सासूबाईंना झोप येत नव्हती. रामरक्षा दोनदा म्हणून झाली होती. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच गं, तेवढंच त्या पाण्याकडे लक्ष जायचं नाही."

मग वाचत सुटले. चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात होते आणि रानातल्या माणसांकडून, जुन्या पोथ्यांतून शब्द गोळा करायचे, ते मी मध्येमध्ये सांगत होते. पक्षी रात्री जिथे मुक्कामाला जमतात तो रातनिवारा, कावळ्यांची वसाहत म्हणजे काकागार, बगळ्यांची सारंगागार. आणि घाणेरीचं झुडूप म्हणजे रायमुनिया! सासूबाई एकदम उठूनच बसल्या. "रायमुनिया? अगं, आणि आम्ही जन्मभर त्या बिचारीला घाणेरी म्हणत आलो." (ती बाहेरदेशातून आलेली आणि रानच्या रान व्यापून टाकते हे मी त्या रात्री बोलले नाही.) मग त्यांनी लहानपणी तिची काळी फळं कशी खाल्ली ते सांगितलं, मग माहेरची विहीर, मग विहिरीवरचे सुगरणीचे खोपे, आणि बोलता बोलता झोपल्या की हो.

आता खरं सांगते, मला हे निसर्गाचं वाचन आधी जमायचं नाही. लहानपणी बाबांच्या कार्डावर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जायचे, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून उभी केलेली ती लायब्ररी, तिथली उजेड झिरपणारी काचेची जमीन बघायलाच मी जास्त जायचे. दुर्गाबाई भागवतांचं ऋतुचक्र मी तीनदा अर्धवट ठेवलंय! चैत्रापासून एकेक महिना चाललाय, कुणाचं लग्न नाही, भांडण नाही, काही घडतच नाही. चौथ्यांदा हातात घेतलं तेव्हा आईचं आजारपण चालू होतं, आणि काही घडत नाही हेच तेव्हा हवं होतं मला. एका झाडाला पालवी फुटतेय आणि एक बाई ती नुसती बघत बसलीये, तिला कसली घाई नाही, तर आपणही बसतो मग तिच्याशेजारी. एखादं जाडजूड गुळगुळीत फोटोंचं पुस्तक मात्र मला असं शांत करत नाही, चाळलं की संपलं.

पाणी ओसरल्यावर चिखल काढून कंबर मोडली, खालच्या कप्प्यातली पुस्तकं पावासारखी फुगलेली, ती गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवली. मग एक दिवस मगरींबद्दल वाचून काढलं. मादी उन्हाळ्यात नदीकाठी खड्डा करून अंडी घालते, पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात आणि तो ऐकून ती माती उकरून त्यांना बाहेर काढते. पिल्लं निघतात ती साधारण पावसाच्या तोंडावर. आता विश्वामित्रीवरच्या कालाघोड्याच्या पुलावर स्कूटर थांबवून मी खाली बघते, उन्हात तोंड उघडं टाकून एखादी पडलेली असते. भीती वाटतेच, पण बघितल्याशिवाय पुढेही जाववत नाही.

चितमपल्लींच्या त्या पुस्तकावर मेणाचा एक थेंब पडलाय, तो मी खरवडला नाही. आणि सासूबाई? संध्याकाळी समोरच्या पिंपळावर मैनांचा कलकलाट सुरू झाला की गॅलरीतून हाक येते, "आल्या गं सगळ्या रातनिवाऱ्याला, चहा टाक."